बाबांची एफडी आणि गुडघ्याची वाटी

पत्र

ताई, मी २३ वर्षांचा, राहायला कळव्याला. व्हॉलीबॉल खेळतो, स्मॅशर आहे. दीड वर्ष झालं, उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या अगदी खाली दुखतंय. वॉर्म-अप झाला की दुखणं पळतं, मॅच संपली की दुप्पट होऊन परत येतं. सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. तीन वेळा महिना-महिना आराम केला. पहिल्याच प्रॅक्टिसला पुन्हा तेच. व्हिडिओ बघून उतरत्या फळीवरचे स्क्वॉट्सही तीन महिने केले, रोज प्रॅक्टिस संपल्यावर. एमआरआयमध्ये टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारा पट्टा) जाड झालंय आणि आत ‘पार्शियल टिअर’, म्हणजे अर्धवट फाटलेलं, आहे असं लिहून आलंय. ठाण्यातल्या एका डॉक्टरांनी पीआरपीच्या, म्हणजे स्वतःच्याच रक्तापासून बनवलेल्या, तीन इंजेक्शनांचं पॅकेज सांगितलं, ५४,००० रुपये; गरज पडली तर पुढे स्टेम सेल करू म्हणाले. वाशीला दुसरे म्हणाले, वेळ घालवू नकोस, दुर्बिणीतून ऑपरेशन करून टाक. टीममधला एक सीनियर म्हणतो, स्टेरॉइडची सुई घे आणि खेळ. बाबा एफडी मोडायला निघालेत. जानेवारीत स्पर्धा आहेत. तिथे पदक मिळालं तर क्रीडा आरक्षणातून नोकरीसाठी अर्ज करता येईल. पीआरपी करू की ऑपरेशन?

– एक खेळाडू, कळवा

उत्तर

एफडी मोडू देऊ नकोस. निदान या वर्षी तरी नाही. हे आधी बाबांना सांग आणि मग पुढचं वाच.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पीआरपी की ऑपरेशन, असं तू विचारतोस. पण माझी नजर अडली ती आराम आणि स्क्वॉट्सच्या दोन ओळींवर. तू आराम केलास तेव्हा टेंडनवर काहीच भार नव्हता. व्यायाम केलास तो प्रॅक्टिसच्या वर, म्हणजे शंभरेक उड्या मारून दमलेल्या टेंडनवर आणखी ओझं. उड्या थांबवून, वजन मोजूनमापून, महिनोन्‌महिने वाढवत नेलेला भार तुझ्या या गुडघ्याने दीड वर्षात एकदाही पाहिलेला नाही. त्यामुळे ‘व्यायाम करून झाला, उपयोग नाही’ असं जे तू धरून चालला आहेस, ते मला मान्य नाही. नॉर्वेत व्हॉलीबॉलच्या २९ खेळाडूंवर नेमका हाच प्रयोग झाला होता: हंगाम चालू, उड्या चालू आणि सोबत उतारावरचे स्क्वॉट्स. २००५ साली निष्कर्ष आला, काहीही फरक पडला नाही. तुझं जे झालं तेच.

आता दुखणं नेमकं काय आहे ते. मांडीचा पुढचा मोठा स्नायू वाटीवरून खाली येतो आणि वाटीच्या खालच्या टोकापासून नडगीच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत एका जाड पट्ट्याने बांधलेला असतो. तो पट्टा म्हणजे पॅटेलर टेंडन. उडी मारताना तो ताणला जाऊन स्प्रिंगसारखी शक्ती साठवतो आणि सोडतो. खाली उतरताना तर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ओढ त्याच्यावर येते. १९७३ साली ब्लॅझिना या अमेरिकन सर्जनने या दुखण्याला ‘जम्पर्स नी’ हे नाव दिलं. नॉर्वेच्या अव्वल खेळाडूंची २००५ मध्ये पाहणी झाली, तेव्हा व्हॉलीबॉल खेळणाऱ्या पुरुषांत साधारण ४५ टक्के जणांना हे दुखणं होतं आणि बास्केटबॉलमध्ये ३२ टक्क्यांच्या आसपास. आणखी एक गोष्ट वारंवार दिसली आहे. हे दुखणं टीममधल्या उत्तम उडी मारणाऱ्यांना जास्त होतं. तुझ्या पायात ताकद कमी म्हणून हे झालेलं नाही.

तरी एक खात्री करून घे. एका बोटाने दुखरी जागा दाखवता येते का? वाटीच्या खालच्या टोकावर बोट नेमकं थांबत असेल आणि जितकी मोठी उडी तितकी मोठी कळ असा हिशेब असेल, तर टेंडनच. पूर्ण हात फिरवून ‘इथे सगळीकडे’ म्हणावं लागत असेल, ट्रेनमध्ये किंवा नाटकाला बराच वेळ बसून दुखत असेल, तर ते वाटीच्या मागच्या सांध्याचं दुखणं असू शकतं आणि मग उपचार वेगळे. हे कागदावरून ठरत नाही. क्रीडावैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांनी किंवा फिजिओने गुडघ्याला हात लावून पाहायलाच हवं.

‘पार्शियल टिअर’ या शब्दांनी तुझ्या घरात झोप उडाली असणार. एमआरआयमधला जाडपणा आणि आतला पांढुरका डाग अजिबात न दुखणाऱ्या व्हॉलीबॉलपटूंच्या गुडघ्यांतही सर्रास सापडतो. बरं झाल्यानंतरही तो डाग पुष्कळदा तसाच राहतो. म्हणून डाग पुसायच्या मागे लागायचं नाही. जुनी गोधडी आठव. आतला एखादा थर विरतो, तो काढून कुणी नवा घालत नाही. भोवती नवे थर शिवले की तीच गोधडी पुन्हा वर्षानुवर्षं चालते. टेंडनचं बरंचसं तसंच आहे. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला होता. त्याचा मागोवा घेत डेन्मार्कच्या संशोधकांनी टाचेच्या टेंडनचं वय मोजलं. गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि नंतर जवळजवळ बदलतच नाही, असं त्यांना २०१३ मध्ये दिसलं. तेव्हा गाभ्यातला विरलेला भाग नवाकोरा होईल ही आशा धरू नये. त्याच्याभोवतीचं चांगलं टेंडन मात्र भार मिळाला तर घट्ट होतं, आणि भार काढून घेतला की सैलावतं. महिनाभराच्या आरामाने दुखणं झोपलं, टेंडन मात्र पूर्वीपेक्षा कमजोर झालं. म्हणून पहिल्याच दिवशी कळ परत आली.

आता काम. आज ऑगस्टचा दुसरा आठवडा आहे.

पहिले दोन-तीन आठवडे उड्या पूर्ण बंद. सर्व्हिस, रिसीव्ह, सेटिंग, जमिनीवरून जे काही खेळता येईल ते खेळ. रोज लेग एक्स्टेन्शन मशीनवर गुडघा अर्धा वाकवून वजन तसंच धरून ठेवायचं, ४५ सेकंद, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. वजन असं की शेवटच्या दहा सेकंदांना मांडी थरथरली पाहिजे. काहींची कळ याने तिथल्या तिथे उतरते, काहींची नाही. नाही उतरली तरी पुढे जायचं.

मग खरा भाग. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस सोडून: लेग प्रेस (बसून पायांनी वजन ढकलायचं), स्क्वॉट, हॅक स्क्वॉट (पाठ मशीनला टेकवून मारायचा). प्रत्येकाचे चार सेट. तीन सेकंदांत खाली, तीन सेकंदांत वर, झटका नाही. पहिल्या आठवड्यात पंधरा रेप (एकदा खाली-वर म्हणजे एक रेप) जेमतेम पूर्ण होतील इतकं वजन. पुढे वजन वाढवत बारा, दहा, आठ आणि शेवटी सहा रेप. बारा आठवडे. दोन्ही पायांनी करताना दुखरा पाय चोरून बसतो, म्हणून लेग प्रेस एकेका पायाने कर. पोटऱ्या आणि नितंबांचे स्नायू विसरू नकोस. कळव्यातल्या कुठल्याही बऱ्या जिममध्ये हे सगळं होतं. महागडं यंत्र लागत नाही. पहिल्या काही वेळा फिजिओला सोबत उभं कर, आणि नंतर दर दोन-तीन आठवड्यांनी दाखव.

दुखलं तर? थोडं दुखेल. दहापैकी तीन-चारपर्यंत चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूळ पातळीवर आलं पाहिजे. त्यासाठी रोज सकाळी उतरत्या फळीवर दुखऱ्या पायाने एकच स्क्वॉट मार आणि दहापैकी किती दुखलं तो आकडा वहीत लिही. ही वही तुझ्या एमआरआयपेक्षा जास्त कामाची आहे. आकडा दोनाने चढला तर आदल्या दिवशी वजन जास्त झालं, एवढाच अर्थ घे; घाबरून महिनाभराच्या आरामाला जाऊ नकोस.

वजन चढलं आणि सकाळचा आकडा दोन-तीनच्या वर जात नाही असं झालं, की दोन पायांच्या छोट्या उड्या, मग खोक्यावरून उतरणं, मग एका पायाची उडी, मग धावत येऊन स्मॅश. दर तिसऱ्या दिवशी, आणि उड्या मोजून. आपल्याकडे प्रॅक्टिस तासांत मोजतात. टेंडनला तास कळत नाहीत, उड्या कळतात. सरांना सांग की आज माझ्या तीसच. सर नाराज होतील. त्यांना वही दाखव. नेदरलँड्समध्ये ७६ खेळाडूंवर अशी पायरी-पायरीची पद्धत आणि जुनी, दुखण्याला न जुमानता करायच्या स्क्वॉट्सची पद्धत २०२१ मध्ये ताडून पाहिली. २४ आठवड्यांनी पायरीची पद्धत स्पष्ट सरस ठरली. पण त्या २४ आठवड्यांनंतरही पूर्वीच्या पातळीवर परतलेले खेळाडू निम्म्याहून कमीच होते. मला जानेवारीपर्यंत वीसेक आठवडे दिसतात. हे तुला आवडणार नाही, पण लपवून ठेवणं मला जमणार नाही.

आता पीआरपी. तुझंच रक्त काढतात, यंत्रात फिरवतात, प्लेटलेट्सचा दाट भाग वेगळा करून टेंडनमध्ये सोडतात. प्लेटलेट्समधली वाढीची द्रव्यं दुरुस्तीला चालना देतील, ही त्यामागची कल्पना. कल्पना चांगली आहे आणि धोकाही मोठा नाही, म्हणूनच ती इतकी पसरली. पण ५७ खेळाडूंवर २०१९ साली झालेली चाचणी बघ. एका गटाला पांढऱ्या पेशींसकट पीआरपी, दुसऱ्याला पांढऱ्या पेशी काढून, तिसऱ्याला निव्वळ सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे खेळाडूंना ठाऊक नव्हतं, आणि सगळ्यांनी सोबत व्यायाम केला. तिन्ही गट सुधारले. वर्षभरानंतरही पीआरपीचे गट सलाइनच्या पुढे नव्हते. तिथे एकच इंजेक्शन होतं, तीन दिली असती तर कदाचित फरक पडला असता, असं म्हणणारे आहेत. त्याआधीच्या काही छोट्या चाचण्यांत पीआरपी थोडी पुढे दिसली, हेही खरं. त्यामुळे मी तिला फसवणूक म्हणणार नाही. पण ज्याने नीट भार दिलेलाच नाही, त्याने ५४,००० रुपये तिच्यावर घालणं मला पटत नाही. सहा महिने वहीप्रमाणे काम करूनही आकडा हलला नाही, तेव्हा बोलू. तेव्हाही पॅकेज नको. एक घ्यायचं, व्यायाम चालू ठेवायचा आणि बघायचं. उत्तेजक चाचणीची भीती मात्र नको, पीआरपी २०११ पासून जागतिक बंदीच्या यादीत नाही.

स्टेम सेलला माझं सरळ नाही आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर हा प्रयोग समजायचा आणि तो मंजूर चाचणीतच करायचा. चाचणीत रुग्णाकडून पैसे घेऊन पॅकेज विकत नाहीत. ‘पुढे करू’ म्हणणाऱ्याला एवढंच विचार, की ही कोणती नोंदलेली चाचणी आहे.

आणि ती स्टेरॉइडची सुई. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ती मी स्वतः घेतली आहे. मी तेव्हा तुझ्याच वयाची होते, स्पर्धा चार दिवसांवर. सुई घेतली आणि दोन दिवस अशी खेळले की दुखणं कधी नव्हतंच. दोन महिन्यांनी ठाणे स्टेशनच्या पुलावरून उतरताना मला एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून उतरावी लागत होती. पुढचा हंगाम गेला, आणि तो परत आला नाही. माझं एकटीचं उदाहरण पुरावा होत नाही, पण डेन्मार्कमधल्या ३९ जणांवरच्या २००९ सालच्या चाचणीतही तेच दिसलं: बारा आठवड्यांनी स्टेरॉइडचा गट बाकीच्यांइतकाच बरा होता, सहा महिन्यांनी तो घसरला, तर जड वजन सावकाश उचलणाऱ्यांची सुधारणा टिकली. वर तुझं नोकरीचं गणित बघ. २०२२ पासून स्पर्धेच्या काळात स्टेरॉइडचं कुठलंही इंजेक्शन, अगदी सांध्यात किंवा टेंडनपाशी दिलेलंसुद्धा, बंदीत मोडतं. परवानगीचे कागद नसताना नमुना सदोष निघाला तर पदक जाईल आणि खेळण्यावर बंदीही येऊ शकते. तुझ्या सीनियरला हे माहीत नसेल. त्यालाही सांग.

याच ओघात एक सूचना. पावसाळ्यात पोट बिघडलं किंवा लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन सहज घेतलं जातं. या जातीच्या प्रतिजैविकांनी टेंडनला इजा होऊ शकते, कधीकधी ते तुटतंही. डॉक्टरांना आधीच सांग की माझं टेंडन दुखतंय, दुसरं काही चालेल का.

राहिलं ऑपरेशन. ते वाईट नाही, त्याची वेळ आलेली नाही. पूर्वी समोरून छेद घेऊन टेंडन उभं उघडायचे, खराब भाग काढायचे, वाटीचं टोक खरवडायचे. आता बऱ्याचदा दुर्बिणीतून टेंडनच्या मागच्या बाजूने जातात, कारण चरबीच्या गादीतून जिथे नको त्या रक्तवाहिन्या आणि नसा टेंडनमध्ये शिरलेल्या असतात ती जागा साफ केली की दुखणं कमी होतं. कधी वाटीच्या टोकाचं थोडं हाडही काढतात. दुर्बिणीनंतर खेळाडू साधारण चार महिन्यांत परततात, उघड्या ऑपरेशननंतर त्याहून उशिरा. यशाचे आकडेही चांगले सांगितले जातात. पण त्यातले बहुतेक आकडे, सर्जननी आपलेच रुग्ण मोजून काढलेले आहेत. समोर व्यायामाचा गट ठेवून झालेली चाचणी नॉर्वेची, २००६ ची: चाळीस गुडघे, निम्म्यांचं उघडं ऑपरेशन, निम्म्यांना उतारावरचे स्क्वॉट्स. वर्षभराने दोन्हींत फरक नव्हता. व्यायामाच्या गटातले पाच गुडघे पुढे ऑपरेशनला गेले. मला त्यातून असं दिसतं की बहुतेकांना सुरी लागत नाही, आणि काहींना लागते. तू त्या काहींतला आहेस का, हे सहा महिन्यांचं नीट काम झाल्याशिवाय वाशीच्या डॉक्टरांनाही कळणार नाही. शिवाय ऑपरेशननंतर फिजिओ तुला देणार काय? तेच लेग प्रेस, तीच वही, अगदी पहिल्या वजनापासून. आज ऑपरेशन केलंस तरी जानेवारी तुझ्या हातात नाहीच.

एकच प्रसंग याला अपवाद. उडी मारताना किंवा उतरताना गुडघ्यात फट्‌ असा आवाज आला, वाटी वर सरकल्यासारखी वाटली आणि पाय सरळ ठेवून उचलताच आला नाही, तर टेंडन पूर्ण तुटलेलं असू शकतं. तेव्हा वही नाही, व्यायाम नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल. ते ऑपरेशन लवकरात लवकर व्हावं लागतं.

जानेवारीबद्दल माझं मत असं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वही उघडायची. धावत येऊन मारलेल्या चाळीस उड्यांनंतर दुसऱ्या सकाळचा आकडा तीनच्या आत असेल तर खेळ, निवडक सेट खेळ. नसेल तर त्या स्पर्धा सोड. पदकाचं आणि नोकरीचं दडपण मला समजतं. ज्या घरात एका एफडीवर सगळी भिस्त असते त्या घरातून मीही आले आहे. पण तू २३ वर्षांचा आहेस. यंदा नाही खेळलास तर पुढच्या वर्षी खेळता येईल. सुई घेऊन यंदा खेळलास तर पुढच्या वर्षाची मला खात्री वाटत नाही. तोवर क्रीडा आरक्षणाचे नियम आणि वयोमर्यादा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन नीट वाचून घे. ऐकीव माहितीवर गुडघा पणाला लावू नकोस.

बाबांचं काय? ते एफडी मोडायला निघाले, कारण त्यांना तुझ्यासाठी काहीतरी करायचं आहे आणि नुसतं बघत बसणं त्यांना सोसत नाही. त्यांना जिममध्ये सोबत ने. हातात घड्याळ दे. तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर, हे मोजायला कुणीतरी लागतंच. एकट्याने मोजलं की शेवटच्या रेपला सेकंद आखूड होतात.